सुरुवातीची शिल्लक
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस मुदत ठेवींवर बोलेल असं वाटलं असेल. पण मी मूळचा बी.एस्सी.; निवृत्तीनंतर पुन्हा भौतिकशास्त्र वाचायला लागलो. त्यातलीच एक गोष्ट सांगतो.

जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं एलएचसी हे यंत्र आहे. तिथे शिशाची अणुकेंद्रं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवतात. प्रत्येक केंद्रात ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन. टक्कर झाली की ते वितळतात आणि आतल्या क्वार्क-ग्लुऑनचा रस होतो. विश्व जन्मलं तेव्हा पहिले काही मायक्रोसेकंद असाच रस होता. हा रस प्रत्यक्ष दिसत नाही. तो विझल्यावर उडालेले हजारो कण तेवढे मोजता येतात.

अमेरिकेत ब्रुकहेवनला सोन्याची केंद्रं आदळवून २००५ साली जाहीर झालं की हा रस वायूसारखा नाही, जवळजवळ आदर्श द्रव आहे. ते कसं कळलं? दोन गोळे थोडे बाजूने आदळले, तर सामाईक भाग बदामासारखा होतो. बदामाच्या चपट्या बाजूंकडे दाब झपाट्याने उतरतो, म्हणून तिकडे कण जास्त उडतात. रस दाट असेल तर हा फरक बोथट होतो. म्हणजे फरक मोजा, दाटपणा काढा!

इथेच गोम आहे. आपली सोसायटी ताब्यात आली तेव्हा बिल्डरने सुरुवातीची शिल्लक सांगितलीच नव्हती, जुन्या सभासदांना आठवत असेल. अखेरची शिल्लक हातात, पण खर्च किती झाला ते सांगता येईना. तिथेही तसंच. २००८च्या सुमारास बदाम किती लांबट धरायचा याची दोन गणितं होती. मोजमापं तीच, पण दाटपणाचं उत्तर एकात दुसऱ्याच्या साधारण दुप्पट!

शिवाय बदाम गुळगुळीत धरला होता. खरं तर केंद्रातले कण शिस्तीत बसत नाहीत. दर टकरीत गाठी वेगळ्या जागी पडतात. त्यामुळे आकारात थोडा त्रिकोणही येतो, हे २०१०मध्ये एमआयटीच्या अल्वर आणि रोलँड यांनी दाखवलं. गुळगुळीत बदामात त्रिकोण शून्य, म्हणून तोवर त्याकडे फारसं लक्ष गेलं नव्हतं. आकडेवारीत मात्र त्याच्या खुणा होत्या. आता ताळा करायला दुसरी नोंद मिळाली. एकाच दाटपणात बदाम आणि त्रिकोण दोन्ही जुळवताना सुरुवातीचे काही अंदाज बाद झाले. मला ऑडिटरची ही युक्ती फार आवडते.

आता उलट दिशेनेही काम चालतं. युरेनियमचं केंद्र लांबट असतं, त्याचा आकार ब्रुकहेवनच्या टकरींतून मोजल्याचं २०२४मध्ये छापून आलं. २०२५च्या जुलैत एलएचसीत ऑक्सिजन आणि निऑनच्या टकरी झाल्या. तिथल्या ॲलिस प्रयोगात आपल्या पवईच्या आयआयटीचाही सहभाग आहे.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. बदामाचं चित्र काढून आणलंय.