फोटो कसा वाटला?

(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या रहिवाशांच्या छायाचित्र प्रदर्शनात केलेलं भाषण)



हॉलमधले सगळे चेहरे आपल्याच सोसायटीतले आहेत. फोटो काढणारे आपले, ज्यांचे काढले तेही आपलेच. म्हणून अभिप्राय देणं जरा अवघड जातं. ग्रुपवर फोटो टाकला की ‘मस्त’, ‘झकास’ आणि अंगठे येतात. त्यातून काढणाऱ्याला काहीच कळत नाही. उलट लिफ्टमध्ये कोणीतरी पटकन म्हणतं, ‘काकू काळ्या आल्यात’, ‘केवढी जाड दिसतेय!’ हा शेरा फोटोवर नसून माणसावर झाला. त्या काकू पुन्हा कॅमेऱ्यासमोर येत नाहीत.

मग बोलायचं कसं? ‘काळ्या आल्यात’ऐवजी सांगावं, ‘खिडकी पाठीमागे होती, चेहऱ्यावर उजेड पडला नाही. खिडकीकडे तोंड करून बसव.’ नाक मोठं दिसतंय? ‘मोबाईल फार जवळ धरलास. पाच-सहा फूट मागे जा आणि थोडा झूम कर.’ दुपारी बाराला गच्चीवर काढलं की डोळ्यांखाली सावल्या पडतात; सकाळी जिन्याच्या खिडकीपाशी मऊ उजेड मिळतो. डोळे स्पष्ट आहेत का, डोक्यामागून वाळत घातलेले कपडे डोकावतायत का, तेही बघावं. आधी आवडलेलं सांगावं, मग एकच सुधारणा. दहा सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

ऐकणाऱ्यालाही पथ्य आहे. ‘ढग होते, आजोबा हलले’ असं लगेच सुरू करू नये. नुसतं ‘कसा वाटला?’ न विचारता ‘उजेड बरोबर आहे का?’ असं नेमकं विचारावं. तिघांनी एकच गोष्ट सांगितली तर फोटो पुन्हा काढून बघावा. आणि पहिलं मत घ्यावं ते ज्याचा फोटो आहे त्याचं. फोटो चारचौघांत लावायचा की नाही, हेही त्यानेच ठरवावं.

हौशी मंडळींनी एकत्र येऊन फोटो बघणं मुंबईला नवीन नाही. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर, पण छायाचित्रकार म्हणून त्या सोसायटीत सक्रिय होते. आपले गौतम राजाध्यक्षही रसायनशास्त्र शिकून, जाहिरात क्षेत्रात नोकरी करून मग या कलेकडे वळले.

हे एवढं मनावर का घ्यायचं? पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलेले कित्येक जण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. घरातलं कोणी गेलं की फोटोसाठी धावपळ होते. मोबाईलमध्ये हजार फोटो सापडतात, पण भिंतीवर लागतो तो लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला, शेजारच्याचा खांदा दिसणारा. नाहीतर फिल्टरने सुरकुत्या पुसलेला. ‘यात आजी आजींसारख्या वाटत नाहीत, पुन्हा काढ’ असं कोणीतरी वेळेवर म्हणायला हवं होतं. आजी समोर असतात तोवरच ते म्हणण्यात अर्थ आहे.

प्रत्येक फोटोखाली कोरी चिठ्ठी ठेवली आहे. एक आवडलेली गोष्ट आणि एक सुधारणा लिहा. खाली आपला फ्लॅट नंबरही टाका, म्हणजे मुलांना येऊन विचारता येईल. चहा तयार आहे. पण आधी फोटो बघून घ्या.