खिशातले दगड



आपल्या मुलाच्या खिशात काय काय असते, हे अम्मीला कपडे धुताना कळते. दगड! मग मुलाला बोलणी बसतात आणि दगड उकिरड्यावर जातात. माझ्या मुलीचा डबाभर संग्रह मी असाच फेकला होता. ती रडली नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस तिने मला काही दाखवायला आणले नाही. ही चूक मी आपल्यासमोर कबूल करतो.

ते दगड होते तरी काय? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हारस थरावर थर वाहिला. तोच आपला काळा दगड, बेसाल्ट. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्या पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरल्या. त्यातून गारगोटी झाली, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक झाला. बुजुर्गांच्या अंगठीत दिसतो तो हाच अकीक. गुजरातेत रतनपूरकडचा दगड खंभातला नेऊन, भाजून त्याला लाल रंग आणतात. मुलाला सापडलेला खडा अंगठीत बसण्याजोगा नसतो, पण त्याला त्याची फिकीर नसते.

इ. स. 973 मध्ये ख्वारिझममध्ये जन्मलेल्या अल-बेरुनीचे नाव विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचले असेल. या विद्वानाने रत्ने पाण्यात तोलून त्यांचे तुलनात्मक वजन काढले आणि रत्नांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानावरील ग्रंथात त्याने एक साधे निरीक्षण नोंदवले आहे. डोंगराजवळ, प्रवाह जोराचा असतो तेथे गोटे मोठे. दूर जावे तसतसे लहान. आणि नदी संथ होते तेथे नुसती वाळू. त्यावरून त्याने ताडले की, येथील मैदान पूर्वी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने तो भरून आला असावा.

सोनाळ्याच्या मुलांना हा पडताळा घरबसल्या मिळण्यासारखा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचे खोरे. वान नदी आणि डोंगरातले नाले खाली पूर्णेकडेच जातात. पायथ्याशी एक गोटा उचला, दोन-चार मैलांवर दुसरा, आणखी खाली तिसरा. तिन्ही शेजारी ठेवा. (समुद्राची गोष्ट मात्र आपल्या खोऱ्याला जोडू नका, गाळाची तेवढी खरी.) शेतातल्या चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतात, गारगोटीवर येत नाहीत. पावसाळ्यात नाल्यात उतरू नये, हे सांगायला नकोच.

अंबाबरवा अभयारण्यातून आणि लोणारच्या सरोवराकाठून मात्र खडाही उचलू नये. लोणार आपल्याच जिल्ह्यात आहे. उल्का आदळून बेसाल्टात झालेले ते विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. तेथे डोळ्यांनी पाहावे आणि वहीत लिहावे.

वहीवरून आठवले. पालकांनी बिस्किटांचा रिकामा डबा द्यावा आणि एक जुनी वही. दगडावर शाईने आकडा घालावा. वहीत त्या आकड्यापुढे जागा आणि तारीख लिहावी. फेकलेल्यांपैकी काही दगड मी नंतर उकिरड्यावरून शोधून आणले होते. मुलीने ते ओळखले. पण कोणता कुठला, हे तिला सांगता येईना. आकडे आम्ही घातलेच नव्हते.