राघोजीची आई आणि पडद्यावरचा बंडकरी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. गिरणीत पाळी सुटल्यावर जे वाचलं, तेवढीच आमची शाळा. तरी आज उभे राहिलो, कारण मागं आपल्या पोरांनी विहारात 'व्ही फॉर व्हेंडेटा' हा २००५ सालचा इंग्रजी सिनेमा लावला, आणि त्यावरून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढच्या काळातलं इंग्लंड. हुकूमशहाचं राज्य. रात्री बाहेर पडायला बंदी, वेगळ्या धर्माचं, वेगळ्या विचाराचं माणूस दिसलं की उचलून न्यायचं. अशाच एका छळछावणीतून जळून निघालेला एक माणूस मुखवटा घालून बंड करतो. छावणीतल्या अधिकाऱ्यांना एकेक करून मारतो, न्यायालयाची इमारत उडवतो. मुखवटा गाय फॉक्सचा. त्यानं १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट केला होता. पोरं म्हणाली, हाच खरा हिरो. वडीलधारी म्हणाली, हा तर खुनी.

आता बंडकरी आपल्याला नवा नाही. आपल्याच अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे घ्या. महादेव कोळी समाजाचा. इंग्रजांच्या कागदात तो दरोडेखोर, आपल्या डोंगरात क्रांतिवीर. सावकार सापडला की नाक कापायचं, असं त्याचं बंड. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. आता त्यानं करायचं तरी काय होतं? अर्ज द्यायचा तर कुणाला? कोर्ट साहेबाचं, कागद सावकाराचा, आणि अंगठा तेवढा आपला!

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच सांगितलं. सनदशीर मार्ग जेव्हा उघडे नव्हते, तेव्हा दुसऱ्या मार्गांना पुष्कळ आधार होता; मार्ग उघडे झाल्यावर तो आधार राहत नाही. म्हणून पोरांनो, सिनेमातल्या त्या राज्यात मत नाही, वर्तमानपत्र नाही, तिथं तो उठला याबद्दल आमची तक्रार नाही. राघोजीबद्दल तर नाहीच. मात्र नाकाचं आमच्या गळी उतरत नाही. १८७५ साली पुण्याकडं सुप्याला आणि आपल्या नगर जिल्ह्यातही शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख खतांवर होता. कागद हिसकावले, जाळले. माणसाला हात बहुतेक ठिकाणी लावला नाही. १८७९ साली कायदा करावा लागला सरकारला. अर्थात राघोजीच्या वेळी पाठीशी एवढी गावं कुठं उभी होती, हेही खरं.

पण आमचं खरं भांडण पुढंच आहे.

त्या सिनेमात ईव्ही नावाची एक पोरगी आहे. बंडकऱ्याची सोबतीण. तिला एक दिवस पकडतात, केस भादरतात, अंधारकोठडीत टाकतात, हाल करतात आणि एकच विचारतात : तो मुखवटेवाला कुठं आहे? पोरगी मरायला तयार होते, पण नाव सांगत नाही. तेव्हा दार उघडतं आणि कळतं की कोठडी त्याचीच, छळणाराही तोच! तो म्हणतो, तुझी भीती जावी म्हणून हे केलं. आणि सिनेमात ती जाते सुद्धा. पोरांनी इथं टाळ्या वाजवल्या.

आम्हाला त्या क्षणी देवगाव आठवलं. गॅझेटियरमध्ये लिहिलेलं आहे की राघोजीचा पत्ता काढण्यासाठी पोलीस अंमलदारानं त्याच्या आईचा छळ केला, आणि त्या संतापानं राघोजीनं टोळी उभी करून नाकं कापली. म्हणजे बघा, तुझा बंडकरी कुठं आहे म्हणून बाईचे हाल करणं, हे काम आपल्याकडं अंमलदारानं केलं. पडद्यावर तेच काम बंडकऱ्यानं केलं. मग मुखवट्याआड कोण उरलं?

एक तरुण म्हणाला, "काका, पण ती निर्भय झाली ना!" आम्हाला गिरणीतला जॉबर आठवला. आम्ही बदली कामगार होतो. धागा तुटला की पाठीत बुक्की, आणि वर म्हणायचा, मारतोय म्हणून शिकतोस. शिकलो हे खरं. पण शेजारच्या साच्यावरच्या जुन्या कामगारानं हात धरून गाठ मारायला शिकवली म्हणून शिकलो. श्रेय मात्र जॉबर घेऊन गेला.

मागं बसलेल्या एका उपासिका उठल्या. म्हणाल्या, "आमच्या सासूबाई पण हेच म्हणायच्या, तुला घट्ट करतेय." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

तरी वाद मिटला नाही. कॉलेजात जाणारी एक मुलगी शेवटी म्हणाली, "काका, ईव्हीनं त्याला माफ केलं. तुम्ही का करत नाही?" प्रश्न रास्त आहे. आम्ही एवढंच म्हणालो की माफी तिची, ती तिनं द्यावी. टाळ्या आपल्या होत्या. त्यावर ती म्हणाली, मग राघोजीच्या नावाच्या घोषणा पण आपल्याच ना? आम्ही गप्प बसलो. रविवारी ती पुन्हा विचारणार आहे, तेव्हा या सगळ्यांनी. जय भीम.