बर्फावरचा खेळ आणि नियमांचे शिक्षण
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. खो-खो, हुतूतू, लंगडी आणि आट्यापाट्या हे आपल्या मातीतील खेळ सोडून, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या कर्लिंग नावाच्या परदेशी खेळाविषयी, आणि त्यातही त्याच्या शालेय सामन्यांच्या नियमांविषयी मी बोलणार आहे. हा खेळ आपल्या शाळांत सुरू करावा, असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु सामन्यांचे नियम करणे आणि ते मुलांकडून पाळून घेणे, हे काम आपणा सर्वांच्या वाट्याला दरवर्षी येते. पंचाच्या एखाद्या निर्णयावरून वाद पेटतो, एखादी शाळा मैदान सोडून निघून जाते, दोन गावांचे पालक हमरीतुमरीवर येतात; आणि ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप, ती बिचारी बाजूला उभी राहून वडीलधाऱ्यांचे भांडण पाहत असतात. त्या दिवशी मुले काही शिकत नाहीत असे नाही. ती शिकतात, पण आपण जे शिकवू इच्छितो त्याच्या नेमके उलटे शिकतात. म्हणून दुसऱ्या एका देशातील लोकांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम खेळाची ओळख करून देतो. आपली मुले गोट्या खेळतात, तेव्हा आपली गोटी नेमक्या जागी नेणे आणि दुसऱ्याची गोटी उडविणे, ही दोन कौशल्ये लागतात. कर्लिंगमध्येही तीच दोन लागतात. फक्त गोटीऐवजी ग्रॅनाइटचा मूठ बसविलेला गोल दगड असतो. त्याचे वजन १७.२४ किलोपेक्षा कमी व १९.९६ किलोपेक्षा अधिक असून चालत नाही. उत्तम दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग या लहानशा बेटावरील ग्रॅनाइटचे समजले जातात. खेळाची बर्फपट्टी सुमारे ४५.७२ मीटर लांब आणि फार तर ५ मीटर रुंद असते. तिच्या दोन्ही टोकांना एकात एक वर्तुळे काढलेली असतात. त्यांना ‘घर’ म्हणतात. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३.६६ मीटर असतो.

प्रत्येक संघात चार खेळाडू असतात. प्रत्येकाने आळीपाळीने दोन दगड सोडावयाचे. म्हणजे दोन्ही संघांचे मिळून १६ दगड झाले की एक डाव पुरा होतो. घराच्या मध्यबिंदूला ज्या संघाचा दगड सर्वांत जवळ, त्यालाच त्या डावाचे गुण मिळतात. आणि प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या दगडाहून त्याचे जितके दगड अधिक जवळ असतील, तितके गुण. मोठ्या स्पर्धांत सामन्याचे दहा डाव असतात. शालेय व क्लबच्या सामन्यांत बहुधा आठ किंवा त्याहून कमी ठेवतात. डावातील शेवटचा दगड ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड. म्हणून ज्या संघाने एका डावात गुण मिळविले, त्याला पुढच्या डावात शेवटचा दगड मिळत नाही. तो दुसऱ्या संघाला मिळतो. मागे पडलेल्याला पुन्हा उभे राहण्याची संधी नियमानेच दिलेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून त्याचा पृष्ठभाग खडबडीत केलेला असतो. दगड सोडताना मुठीला किंचित पीळ दिला की तो सरळ न जाता हळूहळू वळतो. त्याच्यापुढे दोन खेळाडू ब्रश घेऊन बर्फ घासत धावतात. घासल्याने घर्षण थोडे कमी होते आणि दगड अधिक दूर व अधिक सरळ जातो. अशा रीतीने दगड सोडणारा एक, घासणारे दोन आणि पलीकडे उभा राहून दिशा दाखविणारा कर्णधार, असे चौघेही प्रत्येक दगडाच्या वेळी कामात असतात. ‘मला खेळावयास मिळाले नाही’ अशी तक्रार करण्यास येथे सहसा जागा राहत नाही.

हा खेळ स्कॉटलंडचा. तेथील पेझली येथील मठातील एका आव्हानाची लेखी नोंद १५४१ सालची आहे. गोठलेल्या तळ्यांवर गावोगावी वेगवेगळ्या चालीने हा खेळ खेळला जाई. १८३८ मध्ये एडिंबरो येथे सर्व क्लबांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली आणि नियमांना एकसूत्रीपणा आला. स्कॉटिश लोक परदेशी गेले, तसा खेळही त्यांच्याबरोबर गेला. माँट्रियल येथील क्लब १८०७ चा आणि अमेरिकेतील मिलवॉकी येथील १८४५ चा आहे. कॅनडामध्ये शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५० मध्ये सुरू झाली. आज कॅनडाच्या अनेक प्रांतांत, तसेच अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, माध्यमिक शाळांचे संघ एकमेकांशी सामने खेळतात. कॅनडातील शालेय स्पर्धांत मुलांचे, मुलींचे आणि मुलामुलींचे संमिश्र असे गट असतात. १९९८ पासून हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये नियमितपणे आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. शालेय सामन्यांच्या नियमांचे तीन प्रकार पाडता येतील. पहिला प्रकार मोजमापाचा : पट्टी, दगड, डाव, गुण. दुसरा व्यवस्थेचा : कोण खेळू शकेल, उशीर झाल्यास काय, खेळाडू कमी पडल्यास काय. तिसरा वर्तनाचा. पहिला प्रकार पुस्तकात वाचून समजतो. पुढील दोहोंत मात्र शिक्षकाचा कस लागतो.

व्यवस्थेचे दोन नियम पाहा. चारांपैकी एक खेळाडू आजारी पडला तर सामना रद्द होत नाही. तिघे खेळतात आणि पहिले दोघे दोनऐवजी तीन-तीन दगड सोडतात. संघ उशिरा आला तर काय? जागतिक संघटनेच्या स्पर्धानियमांप्रमाणे पंधरा मिनिटांच्या आत पोहोचणाऱ्या संघाचा एक डाव संपला असे मानतात आणि प्रतिपक्षाला एक गुण देतात. त्याहून उशीर झाल्यास आणखी एक. आणि अर्धा तास उलटला तरच सामना गमावला असे ठरते. येथे शिक्षा आहे, पण ती अपराधाच्या प्रमाणात आहे. आपल्याकडे एस. टी. चुकली म्हणून दहा मिनिटे उशिरा आलेल्या शाळेला एक तर बाद करतात, नाही तर भिडेखातर काहीच करीत नाहीत. पहिल्याने मुलांवर अन्याय होतो. दुसऱ्याने वेळेवर आलेल्यांवर. दोहोंच्या मधली पायरी आधीच लिहून ठेवणे, एवढाच यावर उपाय आहे.

वर्तनाचा नियम या खेळाचा आत्मा आहे. क्लबांच्या आणि शाळांच्या नेहमीच्या सामन्यांत प्रत्येक पट्टीवर पंच नसतो. डावाचे गुण किती, हे दोन्ही संघांचे उपकर्णधार घराजवळ उभे राहून आपसांत ठरवितात; नुसत्या नजरेने ठरले नाही, तरच मोजपट्टी आणतात. घासणाऱ्याच्या ब्रशाचा किंवा पायाचा स्पर्श चालत्या दगडास झाला, तर ज्याच्याकडून तो झाला त्याच्या संघाने ताबडतोब तसे सांगावयाचे असते. पुष्कळदा हा स्पर्श इतका हलका असतो की तो खेळाडू आणि त्याचे मन यांखेरीज कोणालाही कळत नाही.

असे कबूल केल्यावर पुढे काय होते, ते विशेष लक्ष देऊन ऐकावे. घराच्या अलीकडे ‘हॉग रेषा’ नावाची एक रेषा असते. स्पर्श तिच्या आधी झाला असेल, तर तो दगड उचलून बाजूला ठेवतात. रेषा ओलांडल्यावर झाला असेल, तर सर्व दगड थांबू देतात. मग निर्णय प्रतिपक्षाने घ्यावयाचा असतो. त्याने तो दगड काढून टाकावा व हललेले दगड पूर्ववत ठेवावेत. किंवा आहे तसेच राहू द्यावे. किंवा स्पर्श झाला नसता तर दगड जेथे थांबले असते असे त्यास न्यायाने वाटते, तेथे ते ठेवावेत. ज्याचे नुकसान झाले, त्याच्याच हाती न्यायाचा काटा देण्याचे धैर्य या नियमात आहे. एका बाजूने खरे सांगावे आणि दुसऱ्या बाजूने रास्त वागावे, असे दोन्ही पक्षांचे शिक्षण एकाच कलमात साधले आहे.

आपण विचाराल, एखादा लबाड मुलगा याचा फायदा घेणार नाही काय? घेईलही. नियमाने लबाडी नाहीशी होत नाही. परंतु या नियमात एक शहाणपण आहे. खरे बोलण्याची किंमत येथे लहान ठेवली आहे. कबुली देणारा मुलगा फार तर एक दगड गमावतो. सामना गमावत नाही, अब्रू तर नाहीच नाही. आता आपल्या मैदानाकडे पाहू. हुतूतूच्या चढाईत बोट लागले की नाही, हे पुष्कळदा त्या दोघा मुलांनाच ठाऊक असते. बचाव करणाऱ्या मुलाने हात वर करून ‘लागले’ असे म्हटले, तर त्याचे पुढे काय होते? सोबती त्याला मूर्ख म्हणतात, गावकरी हळहळतात आणि कधी कधी खुद्द गुरुजीच त्याला बाजूला घेऊन म्हणतात, “पंचांनी विचारले होते का?” ज्या मुलाने आपण वर्गात शिकविलेला सत्याचा पाठ मैदानावर खरा करून दाखविला, त्याला आपण चार शब्दांत पुसून टाकतो. बंधुभगिनींनो, हा प्रश्न क्रीडेचा नाही. पुढे हाच मुलगा तराजू हाती धरील, सातबाऱ्यावर सही करील, मतपेटीजवळ बसेल. तेथेही प्रत्येक क्षणी पंच नसतो.

आणखी एक नियम आपल्याला उद्देशून आहे, असे म्हणावयास हरकत नाही. सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूंशी बोलावयाचे नाही. ठरलेली विश्रांती आणि संघाने मागून घेतलेला अल्प विराम एवढाच त्याला अपवाद, असे जागतिक नियम सांगतात. निर्णय मुलांनी घ्यावा, चुकावे आणि पुढच्या डावात सुधारावे. मैदानाच्या कडेने ओरडत धावणाऱ्या आपणा शिक्षकांना हा संयम कठीण वाटेल. पण वर्गात उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या मुलाच्या कानात आपण उत्तर सांगत नाही, मग येथे का सांगावे?

नियम दगडावरची रेघ असतात काय? नाही. या खेळातच त्याचा चांगला दाखला आहे. कुशल संघ प्रतिपक्षाचे सर्व दगड उडवून लावून पट्टी मोकळी ठेवू लागले, तेव्हा डाव नीरस होऊ लागले. १९९० मध्ये कॅनडातील माँक्टन येथील एका स्पर्धेत नवा नियम करून पाहिला गेला : घरासमोर आडोशासाठी ठेवलेले दगड डावाच्या आरंभी उडवावयाचे नाहीत. अनुभव चांगला आला. पुढे जागतिक स्पर्धांत पहिल्या चार दगडांपर्यंत आणि २०१८ पासून पाच दगडांपर्यंत हे संरक्षण दिले गेले. आधी प्रयोग, मग अनुभव, मग बदल, आणि तो हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्वांना कळवून, असा हा क्रम आहे. सामना चालू असताना, आपली शाळा हरताना दिसली म्हणून, नियम बदलावयाचा नसतो. तसेच शरीराच्या मर्यादेमुळे कोणी वगळला जाऊ नये, यासाठीही नियमांनी वाट काढली आहे. चाकांच्या खुर्चीवरून खेळणारे लांब काठीने दगड ढकलतात, आणि त्यांच्या सामन्यांत बर्फ घासणे नसते. लहान मुलांसाठी हलके दगड मिळतात.

या साऱ्यातून आपल्या शाळांपुरत्या चार गोष्टी सुचवितो.

१. सामन्यांपूर्वी आठ दिवस नियम एका पानावर लिहून सर्व शाळांना द्यावेत व प्रत्येक नियमाचे कारण मुलांना वर्गात समजावून सांगावे. कारण कळलेला नियम ओझे वाटत नाही.

२. उशीर, गैरहजेरी आणि वयाचा दाखला यांबाबतची तरतूद आधीच लिहावी व शिक्षा अपराधाच्या प्रमाणात ठेवावी.

३. सरावाच्या सामन्यांत अधूनमधून पंच न नेमता मुलांनाच निर्णय करू द्यावा. वाद झाल्यास दोन्ही कर्णधारांनी बोलून मिटवावा; शिक्षकाने अगदी शेवटी पडावे.

४. ज्याने आपली चूक आपण होऊन सांगितली, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी आदराने घ्यावे, मग त्याचा संघ हरलेला का असेना.

कर्लिंगच्या सामन्याच्या आरंभी आणि शेवटी दोन्ही संघ हस्तांदोलन करतात, आणि सामना संपल्यावर एकत्र बसून काही खाण्यापिण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे चुरमुरे-शेंगदाण्यांनीही हे काम भागेल. दोन गावांची मुले एका पंगतीस बसून घरी गेली, तर त्या दिवशीचा निकाल काहीही लागो, शाळेने आपले काम केले, असे समजण्यास हरकत नाही.