परदेशात खातं उघडताय? आधी घरच्या खात्याकडे बघा

गेल्या भागात आपण ब्लू कार्ड आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटबद्दल बोललो. त्यानंतर जे मेसेज आले, त्यातल्या निम्म्या मेसेजमध्ये एकच प्रश्न होता. "दादा, जर्मनीत कुठली बँक घेऊ?" बँक घेऊ! जशी काय दुकानात टांगलेली आहे. पण प्रश्न खरा आहे, मलाही पडला होता, म्हणून आजचा भाग त्यावरच.

नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी मूळचा सांगलीचा. बीटेक केलं, तीन वर्षं हिंजवडीत कोड लिहिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बर्लिनला आलो. निघायच्या आधी मी एक एक्सेल शीट केली होती. अकरा बँका, चौदा कॉलम. महिन्याची फी, एटीएम किती, ॲप इंग्रजीत आहे का, सगळं. मित्रांनी ती शीट मागून मागून नेली. त्या शीटमध्ये माझ्या भारतातल्या खात्याची एक ओळसुद्धा नव्हती. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी जर्मनीचं.

जर्मनीत उतरल्यावर पहिली गाठ पडते ती आनमेल्डुंगशी. म्हणजे मी या पत्त्यावर राहतो अशी सरकारदरबारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असा कायदा आहे, आणि ती होते ब्युर्गरआम्टमध्ये. आपल्या वॉर्ड ऑफिससारखं समजा. त्यासाठी घरमालकाचा एक सही केलेला कागद लागतो. आता गंमत बघा. घरमालक म्हणतो, पगाराच्या स्लिपा दाखव, डिपॉझिट टाक. डिपॉझिट टाकायला खातं हवं. शाखा असलेल्या बऱ्याच बँका म्हणतात, आनमेल्डुंगचा कागद आण. आणि तो कागद घराशिवाय मिळत नाही. आपल्याकडे रेशनकार्ड आणि रहिवासी दाखल्याचं जे चालतं ना, अगदी तेच, फक्त रांगेत सगळे शांत उभे असतात.

मी नॉयकोल्नमध्ये दोन महिन्यांसाठी एक खोली घेतली होती. पोटभाडेकरू म्हणून. मूळ भाडेकरू म्हणाला, नोंदणीचा कागद देणार नाही. आणि कंपनीची एचआर म्हणत होती, पंधरा तारखेच्या आत आयबॅन दे, नाहीतर पगार पुढच्या महिन्यात. आयबॅन म्हणजे तिथला खाते क्रमांक, जर्मनीत तो डीई या अक्षरांनी सुरू होतो आणि बावीस आकड्या-अक्षरांचा असतो.

मग मी फक्त ॲपवर चालणारी एक बँक निवडली, कारण तिला नोंदणीचा कागद नको होता, पासपोर्ट आणि टपालाचा पत्ता पुरत होता. ओळख पटवायला व्हिडिओ कॉल असतो. पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर हलवा, तिरका धरा, होलोग्राम दिसू दे. माझा काही पास झाला नाही. तेव्हा दुसरा रस्ता वापरला, तो लक्षात ठेवा. त्याला पोस्टइडेंट म्हणतात. बँक एक कोड देते, तो आणि पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं, काउंटरवरची बाई पासपोर्ट बघते, सही घेते, झालं. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी आयबॅन हातात आला, पगार वाचला.

पण कार्ड काही येईना. आठवडा गेला, दुसरा गेला. भारतातून आणलेल्या फॉरेक्स कार्डावर दिवस काढतोय. शेवटी कळलं की कार्ड येऊन परत गेलं होतं. का? तर दारावरच्या टपालपेटीवर माझं नाव नव्हतं. जर्मनीत फ्लॅट नंबर लिहायची पद्धतच नाही, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नाही, पत्र परत. आपल्याकडे पोस्टमन काका "ते नवीन पोरगं कुठल्या खोलीत राहतंय हो?" असं विचारत वर येतात. इथे ती सोय नाही. तर पहिल्याच दिवशी कागदावर आडनाव लिहा आणि चिकटपट्टीने पेटीवर लावा. पेटी दुसऱ्याची असेल तर पत्ता देताना 'अमक्याच्या मार्फत' असं त्याचं नाव घाला. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, टॅक्स नंबर, सगळं या पेटीतूनच येतं. कार्ड आणि पिन तर वेगवेगळ्या पाकिटांत, वेगवेगळ्या दिवशी.

आता निवडीबद्दल माझं मत. पहिलं खातं हे लग्न नाही. जे लवकर उघडेल ते उघडा, पगार सुरू करा, आणि घर-नोंदणी झाली की सावकाश दुसरं बघा. बदलणं सोपं आहे. 'फुकट' लिहिलेलं असेल तर खालचा बारीक मजकूर वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी महिन्याला ठरावीक रक्कम जमा झाली तरच फुकट असतं. दुसरं, कार्ड कुठलं मिळतं ते बघा. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड मॉलमध्ये चालतं, पण कोपऱ्यावरच्या बेकरीत अजून बरेचदा गिरोकार्ड, म्हणजे जर्मनांचं स्वतःचं कार्ड, नाहीतर रोकड. पहिल्या महिन्यात मी पावासमोर उभा राहून परत आलोय.

स्पारकासे आणि फोल्क्सबांक या दोन नावांच्या शाखा तुम्हाला गावोगावी दिसतील. पहिल्या त्या-त्या शहर-जिल्ह्याच्या, दुसऱ्या सहकारी. सांगलीच्या माणसाला फोल्क्सबांकेत गेल्यावर जरा घरच्यासारखंच वाटतं, आणि ते उगाच नाही. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो राइफआयझन वगैरे मंडळींचा जर्मन नमुना डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे आपली पतपेढी त्यांची लांबची भाचीच. फी लागते, पण समोर माणूस बसतो. जर्मन येत नसेल तर तो माणूस किती उपयोगी पडेल, हा वेगळा विषय.

ठेवीच्या सुरक्षिततेचं काय, असं एकीनं विचारलंय. युरोपीय संघात एका बँकेत एका माणसाच्या १ लाख युरोपर्यंतच्या ठेवींना संरक्षण आहे. आपल्याकडे ते फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे. तेव्हा इथे पहिल्या दोन-चार वर्षांत तरी त्याची काळजी करण्याइतके पैसे आपल्याकडे साठत नाहीत.

आणि सगळ्यांनीच नाही म्हटलं तर? तर हक्काचं खातं आहे. जून २०१६ पासून जर्मनीत बाझिसकोंटो नावाची सोय आहे. देशात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही, अगदी पक्का पत्ता नसलेल्यालासुद्धा, साधं चालू खातं द्यावंच लागतं, आणि अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत. नाकारायची कारणं कायद्यातच मोजून दिलेली आहेत. मी हे खूप उशिरा वाचलं.

एमएसला येणाऱ्यांसाठी एक वाक्य. तुमचं श्पेरकोंटो, म्हणजे ब्लॉक केलेलं खातं, हे तुमचं रोजचं खातं नाही. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ सुटतात, ते कुठे जाणार? तर तुमच्या साध्या चालू खात्यात. म्हणजे ते वेगळं उघडावं लागतंच.

बरं. आता ती शीटमध्ये नसलेली ओळ.

निघताना माझ्या पुण्यातल्या पगाराच्या खात्यात चार लाखांच्या आसपास होते. असू देत, म्हटलं, अडीअडचणीला. भारतातलं सिम काढून पाकिटाच्या चोरकप्प्यात ठेवलं. निघताना चौऱ्याऐंशी दिवसांचा रिचार्ज मारला होता. तो जानेवारीत संपला, मला आठवणही झाली नाही. नंबर बंद झाला.

मे महिन्यात आई अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. ऑपरेशन उद्याच करायचं, दवाखान्यात आज एक लाख भरायचेत. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे पैसे मागितले नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "तुझ्याकडनं आज काही जमंल का रे?"

मी म्हटलं, "बाबा, दोन मिनिटांत टाकतो."

नेट बँकिंग उघडलं. ओटीपी गेला, त्या मेलेल्या नंबरवर. यूपीआय त्याच नंबरवर. म्हटलं, डेबिट कार्ड आहे, इथल्या एटीएममधून काढू आणि काहीतरी करू. ते कार्ड परदेशात बंद. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू येतात, बाहेरचा वापर आपण चालू करायचा. तो करायला नेट बँकिंग. नेट बँकिंगला ओटीपी. शाखेत फोन केला, तिथला माणूस सज्जन होता, पण म्हणाला, सर, नंबर बदलायला स्वतः या किंवा साक्षांकित कागद पाठवा. त्याचं चुकलं नव्हतं. माझा आवाज काढून कुणीही फोन करू शकतो.

जर्मन खात्यात पैसे होते. पण तोपर्यंत मी घरी पैसे पाठवायची वेळच आली नव्हती. पैसे पाठवणाऱ्या ॲपवर नवीन खातं, परत पासपोर्ट, परत तपासणी. पैसे सांगलीला पोचले तिसऱ्या दिवशी.

त्या दिवशी बाबांनी पतपेढीत आईच्या पाटल्या तारण ठेवल्या. मला सांगितलं नाही. मला बहिणीकडून कळलं, दोन आठवड्यांनी. आई आता चालते, काठी लागते, पण चालते. पाटल्या सोडवल्या. तरी चार लाख माझ्या नावावर पडून होते आणि बाबा पतपेढीच्या बाकावर बसले होते, हे अजून मनातून जात नाही.

त्यामुळे आता मी जे केलं ते नीट ऐका. नोकरीसाठी देश सोडलात की फेमा कायद्याने तुम्ही अनिवासी. मग आपलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यायचं असतं. "कुणाला कळतंय" म्हणणारे बरेच भेटतील. मीही म्हणायचो. मी पासपोर्ट, निवास परवाना, इथला पत्ता, सगळ्यांच्या प्रतींवर बर्लिनच्या आपल्या दूतावासातून सही-शिक्का घेतला आणि कुरिअर केले. निघण्याआधी शाखेत जाऊन विचारलं असतं, तर कुठले कागद लागतील ते तरी आधीच कळलं असतं.

एनआरओमध्ये भारतातली कमाई राहते, जुनी बचत, घरभाडं, डिव्हिडंड. एनआरईमध्ये बाहेरून पाठवलेले पैसे, आणि ते हवे तेव्हा परत नेता येतात. एनआरओतून बाहेर न्यायला आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे, म्हणजे आपल्याला ती कधी टोचणार नाही. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा कर आधीच कापतात. जर्मनीचं कर-निवासी प्रमाणपत्र दिलं तर दोन देशांच्या करारानुसार तो १० टक्क्यांवर येतो. आणि एनआरईचं व्याज करमुक्त म्हणतात ना, ते भारतात. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातलं व्याज जर्मन रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. इथे वर्षाला १,००० युरोपर्यंतच्या अशा उत्पन्नाला सूट आहे, त्यावर कर. हे मला व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीच सांगितलं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं माझ्या दृष्टीने हे. दोन्ही खात्यांत मी बाबांना जोडलंय. जवळचा नातेवाईक भारतात राहत असला तरी 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' या पद्धतीने त्याचं नाव घालता येतं, आणि मुखत्यारपत्र दिलं की तो भारतातल्या भारतात पैसे देऊ शकतो. बाबांना सही करायला शाखेत नेलं तेव्हा ते म्हणाले, "मला कशाला रे यात?" मी काही बोललो नाही. पेन दिलं.

सिमचं म्हणाल तर निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करा आणि रिचार्जचा रिमाइंडर लावा. खातं एनआरआय झालं की बऱ्याच बँका परदेशी नंबरही जोडू देतात, तोही जोडून टाका. परदेशी नंबरवर यूपीआयची परवानगी जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हा दहा देशांच्या यादीत जर्मनी नव्हती, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. आणि पैसे पाठवायचं ॲप आजच उघडून ठेवा. पन्नास युरो घरी पाठवून बघा. सगळी तपासणी तेव्हाच होऊन जाते. कुठलं ॲप स्वस्त ते बघताना फीकडे बघू नका, शेवटी घरी किती रुपये पडतात तेवढं बघा.

माझं जुनं सिम आता एका जुन्या फोनमध्ये आहे, चार्जरला लावलेला, फ्रिजवर. महिन्यातून एकदा बहिणीला त्यावरून मिस्ड कॉल देतो. ती उचलत नाही, फक्त अंगठा पाठवते.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात शुफा आणि घर शोधणं. भेटू.