‘नीतिवाक्यामृत’ आणि आजचे नेतृत्व

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



जैन आचार्य म्हटले की व्रत, तप आणि मोक्षमार्ग यांचे चिंतन डोळ्यांसमोर येते. राजसत्ता हा विषय त्यांच्या लेखणीला परका असावा, असा सर्वसाधारण समज आहे. आचार्य सोमदेवसूरींनी हा समज हजार वर्षांपूर्वीच दूर केला. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, शके ८८१ म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, त्यांनी ‘यशस्तिलक’ हे चंपूकाव्य पूर्ण केले. त्यांचाच ‘नीतिवाक्यामृत’ हा सूत्रमय संस्कृत ग्रंथ राजनीतीला वाहिलेला असून त्यावर कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चा मोठा प्रभाव आहे.

या ग्रंथाच्या ३२ समुद्देशांचा क्रमच विचार करण्याजोगा आहे. अंतरंगातील सहा शत्रू, म्हणजे अरिषड्वर्ग, चौथ्या समुद्देशात येतो. मंत्री दहाव्यात, स्वामी म्हणजे राजा सतराव्यात, कोश एकविसाव्यात आणि युद्ध तिसाव्यात. सत्ता म्हटली की सिंहासन, खजिना आणि सैन्य आठवते. सोमदेवांच्या मांडणीत आत्मसंयम या सर्वांच्या आधी आहे आणि सल्ला देणारा राजाच्याही आधी आहे.

काम, क्रोध, लोभ, मद, मान आणि हर्ष हे ते सहा शत्रू. त्यांतील ‘मान’ या शब्दाचा सोमदेवांनी दिलेला अर्थ मार्मिक आहे. चुकीचा आग्रह न सोडणे आणि योग्य सांगणे न स्वीकारणे, याला ते मान म्हणतात. चार कषायांतील मान श्रावकांच्या परिचयाचा आहे. परंतु तो व्यक्तीच्या साधनेपुरता मर्यादित मानला जातो. राजाचा मान मात्र त्याच्या एकट्याचे नुकसान करून थांबत नाही, त्याचे फळ प्रजेला भोगावे लागते.

यावर कौटिल्याने व्यवहारी उपाय सांगितला. राजाने तीन-चार मंत्र्यांशी विचारविनिमय करावा. एकच मंत्री असेल तर तो निरंकुश होतो. दोन असतील तर ते एक होऊन राजाला गुंडाळतात किंवा भांडून कार्य बुडवितात. शासकीय खात्यांवर अनेक प्रमुख असावेत आणि ते कायमचे नसावेत, असेही त्याने सांगितले. सत्ताधाऱ्याच्या सज्जनपणावर सर्व भार टाकू नये, हे त्यामागील तत्त्व आहे.

आधुनिक व्यवस्थेला हेच तत्त्व स्वीकारावे लागले. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार स्वतंत्र संचालकाचा एक कार्यकाळ जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो आणि त्याला सलग दोनपेक्षा अधिक कार्यकाळ मिळत नाहीत. दीर्घ सहवासाने स्वतंत्र माणसाचाही स्वतंत्र विचार मंदावतो, हे कायद्याने गृहीत धरले आहे.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही संस्थेला हा विचार लागू पडतो. पहिली पिढी त्यागाने संस्था उभी करते. त्या त्यागाचा आदर इतका वाढतो की पुढे ज्येष्ठांना प्रश्न विचारणे हाच अविनय वाटू लागतो. सभा एकमताने पार पडतात. परंतु ते एकमत असते की मौन, हे कोणी पाहत नाही. तरुण सभासद विरोध करीत नाहीत. ते फक्त येईनासे होतात. संस्थेची खरी हानी येथे सुरू होते.

म्हणून नेतृत्वाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. विरोधी मताची नोंद इतिवृत्तात होते काय? कोणी मागण्यापूर्वी हिशेब सर्वांसमोर ठेवला जातो काय? स्वतःची शक्ती शाबूत असतानाच नव्या हातांत काम सोपविले जाते काय?

अपरिग्रहाचा विचार धनधान्यापाशी थांबत नाही. पदही परिग्रह होऊ शकते. आचार्य सोमदेवांचे हे हजार वर्षांपूर्वीचे चिंतन सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत मार्गदर्शक ठरो, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र!