म्यान की ढाल?

पावसाळ्याच्या तोंडी आपल्या पूनम सागरच्या दिव्याखाली टपकन् पडणारा भुंगेरा ज्या गणातला, त्याचे शास्त्रीय नाव कोलिऑप्टेरा. ग्रीकमध्ये ‘कोलिऑस’ म्हणजे म्यान, ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. शब्द ॲरिस्टॉटलच्या लेखनातला. पुढे लिनीयसने तो वर्गीकरणात घेतला. मराठीत ‘ढालपंखी’ म्हणतात. आम्हांला मात्र म्यानच अधिक पटते. वरचे कठीण पंख उडण्याचे काम फारसे करीत नाहीत. ते उचलले की घडी घातलेले पातळ पंख बाहेर निघतात. उसाची मुळे खाणारी हुमणी ही अशाच भुंगेऱ्यांची अळी. वळवाच्या पावसानंतर हे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. शेतकऱ्याने फांद्या हलवून ते वेचावेत, रॉकेलच्या पाण्यात टाकावेत, ते तेव्हाच. माद्यांनी जमिनीत अंडी घातली की पुढे मुळाशी हुमणी शोधणे फार जड जाते.